शटडाऊनमध्ये पगार कुणाचा थांबतो आणि कुणाचा परत येत नाही

तुम्ही विचारलंय की मिस्टर एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहेत, एका सबकॉन्ट्रॅक्टर कंपनीत, क्लायंट म्हणजे वॉशिंग्टनजवळची एक फेडरल एजन्सी, आणि दोन पक्षांचं बजेटवरून जमत नाहीये म्हणून सरकार बंद पडणार असं रोज टीव्हीवर चाललंय, तर पगार थांबेल का, व्हिसाचं काय, आणि एवढ्या श्रीमंत देशाकडचे पैसे संपतात तरी कसे, भारतात तर असं कधी ऐकलं नाही. मी मेरीलँडमध्ये राहते, गेली बावीस वर्षं सरकारी कॉन्ट्रॅक्टवर चालणाऱ्या कंपन्यांमध्ये फायनान्स आणि कॉन्ट्रॅक्टचं काम करते. २०१३ चा, २०१८-१९ चा आणि २०२५ चा, असे तीन मोठे शटडाऊन मी हिशेबाच्या बाजूने बघितलेत. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, शांतपणे वाचा.

आधी एक सांगते, "पगार थांबेल का" याला एका शब्दात उत्तर नाहीये. एजन्सीचा पैसा कुठल्या बिलातून येतो, तुमच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये आधीच किती पैसा टाकून ठेवलाय, आणि मिस्टरांचं काम घरून होतं की त्या बिल्डिंगमध्ये जावं लागतं, यावर सगळं अवलंबून आहे. एकाच टीममधल्या दोघांना वेगवेगळं उत्तर मिळालेलं मी बघितलंय. त्यामुळे शेजारच्या कुणाचा पगार चालू राहिला म्हणून तुमचा राहील असं धरू नका, आणि उलटंही नको.

आता पैसे संपतात का. नाही संपत. ट्रेझरीत पैसे असतात, टॅक्स रोज जमा होत असतो. संपते ती खर्च करायची परवानगी. इथल्या घटनेतच लिहिलंय की काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, कायदा करून मंजूर केल्याशिवाय तिजोरीतून एक डॉलर काढायचा नाही. सरकारी आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, त्याच्या आत बारा खर्चाची बिलं पास व्हायला पाहिजेत, आणि १९७० च्या दशकात ही पद्धत बसवल्यापासून सगळी बारा-तेरा बिलं वेळेत झालेली वर्षं एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. मग काय करतात, तर जुन्याच आकड्यावर दोन-तीन महिने ढकलायला एक तात्पुरता ठराव करतात, त्याला सगळे सीआर म्हणतात. तो सीआर पण पास झाला नाही की शटडाऊन.

गंमत वाटेल, पण १९८० पर्यंत असं बंद वगैरे काही होत नव्हतं. सत्तरच्या दशकात मंजुरीत खंड पडायचा, ऑफिसं थोडा हात आखडता घ्यायची आणि काम चालू ठेवायची, सगळ्यांना माहीत असायचं की आज ना उद्या बिल होणार. मग कार्टरच्या काळातले ॲटर्नी जनरल बेंजामिन सिविलेटी यांनी १९८० मध्ये मत दिलं की एकोणिसाव्या शतकापासूनचा अँटीडेफिशियन्सी कायदा जसा लिहिलाय तसा वाचला तर मंजुरी नसताना सरकारी माणसाने काम करणं, फुकट सुद्धा, बेकायदा आहे. १९८१ मध्ये त्यांनीच थोडी सूट स्पष्ट केली, की माणसाचा जीव आणि मालमत्ता सांभाळायची कामं चालू ठेवता येतील. आजचा सगळा शटडाऊन या दोन पत्रांवर उभा आहे. हे मी मुद्दाम सांगतेय कारण लोकांना हे वादळ-पुरासारखं काहीतरी वाटतं, आणि ते तसं नाहीये, ही माणसांनी लावून घेतलेली रीत आहे आणि मनात आणलं तर माणसंच ती बदलू शकतात. विस्कॉन्सिन राज्यात बजेट वेळेत झालं नाही तर मागच्या वर्षीचेच आकडे आपोआप पुढे चालू राहतात, तिथे हा प्रश्नच येत नाही. केंद्रात असा कायदा करायचे प्रस्ताव कितीदा आले पण पास एकही झाला नाही, कारण दोन्ही पक्षांना कधी ना कधी हे हत्यार लागतं. मला याचा मनापासून राग येतो.

भारतात का होत नाही, हा तुमचा प्रश्न खरंच चांगला आहे, कारण नियम आपल्याकडेही तोच आहे. संसदेने कायदा केल्याशिवाय एकत्रित निधीतून पैसा काढता येत नाही, हे आपल्या घटनेत ११४ आणि २६६ कलमांत आहे. फरक पुढे आहे. आपल्याकडे सरकार म्हणजेच लोकसभेतलं बहुमत, बजेट पडलं तर सरकारच पडतं, राज्यसभा मनी बिल फार तर चौदा दिवस ठेवू शकते, आणि वेळ लागणार असेल तर लेखानुदान असतं, म्हणजे बजेट पूर्ण होईपर्यंतच्या खर्चाची आगाऊ मंजुरी, ११६ कलमातलं. राज्यांनाही तीच सोय आहे, २०६ कलमात, महाराष्ट्रात निवडणुका तोंडावर असल्या की मुंबईत अधिवेशनात लेखानुदान मांडलं असं आपण पेपरात वाचतोच. १९९९ च्या एप्रिलमध्ये वाजपेयींचं सरकार एका मताने पडलं, तरी त्यानंतर थोड्याच दिवसांत लोकसभेने बजेट चर्चा न करता पास करून दिलं. २०१८ च्या मार्चमध्ये गोंधळात गिलोटिन लावून, म्हणजे चर्चा न करता थेट मतदान घेऊन, सगळ्या मागण्या झटक्यात मंजूर केल्या. चर्चा झाली नाही हे वाईटच, पण कारकुनाचा पगार अडला नाही. इथे मात्र अध्यक्ष वेगळा निवडून येतो, संसदेचं खालचं सभागृह म्हणजे हाऊस वेगळं, वरचं म्हणजे सिनेट वेगळं, कुणीही कुणाला पाडू शकत नाही, निवडणुकीची तारीख ठरलेली, आणि वर सिनेटमध्ये चर्चा थांबवून मतदानाला जायचं तर शंभरातली साठ मतं लागतात. २०२५ मध्ये रिपब्लिकनांकडे अध्यक्षपद, हाऊस, सिनेट तिन्ही होतं, पण सिनेटमध्ये त्रेपन्न. डेमोक्रॅट म्हणाले आरोग्य विम्याची वाढीव सबसिडी वर्षअखेर संपतेय ती आधी वाढवा, रिपब्लिकन म्हणाले आधी सरकार उघडा मग बोलू, आणि या "आधी कोण" मध्ये १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर ४३ दिवस गेले.

आता तुमच्या घरापर्यंत येऊ. शटडाऊनमध्ये माणसांचे तीन गट पडतात आणि बातम्यांमध्ये फक्त दोन दिसतात.

पहिला गट, ज्यांना कामावर यावंच लागतं. एअर ट्रॅफिक कंट्रोलर, विमानतळावर बॅगा तपासणारे, तुरुंगातले गार्ड, २०१८-१९ मध्ये कोस्ट गार्डसुद्धा. हे पूर्ण ड्युटी करतात आणि पगाराच्या दिवशी खात्यात शून्य येतं. दुसरा गट घरी बसवलेल्यांचा, त्यांना पहिल्या दिवशी तीन-चार तास आवराआवरीला बोलावतात आणि मग लॅपटॉप बंद, ऑफिसचा ईमेल बघणंसुद्धा मना. २०१८-१९ मध्ये साधारण आठ लाख लोकांना याची झळ बसली, त्यातले अर्ध्याहून थोडे जास्त बिनपगारी काम करत होते. या दोन्ही गटांना मागचा पगार नंतर द्यायचा असा कायदा २०१९ मध्ये झाला. २०२५ मध्ये व्हाईट हाऊसच्या बाजूने त्या कायद्याच्या अर्थावरच शंका काढली गेली तेव्हा माझ्या ओळखीची माणसं रात्र रात्र झोपली नव्हती, शेवटी तडजोडीच्या बिलात मागचा पगार देण्याचं पुन्हा स्पष्ट लिहिलं तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

तिसरा गट आपला, कॉन्ट्रॅक्टरचा. सरकारशी आपला थेट संबंध नाही, कंपनीशी आहे, त्यामुळे आपल्याला मागचा पगार देणारा कायदा नाही. काम थांबलं तेवढे दिवस गेले. यात ऑफिस झाडणाऱ्या बायका, कँटीनवाले, दारावरचे सिक्युरिटी गार्ड सगळ्यात जास्त भरडले जातात कारण त्यांच्याकडे साठवलेलं काही नसतं. २०१८-१९ मध्ये मी जिथे काम करत होते तिथे एका कॉन्ट्रॅक्टवर आमची अकरा माणसं होती आणि त्यात पैसा ३१ डिसेंबरपर्यंतचाच होता. पुढचा हप्ता टाकायला ज्या ऑफिसरची सही लागते तोच घरी बसवलेला. कंपनीने दोन आठवडे पदरचा पगार दिला, मग रजा वापरायला सांगितलं, मग बिनपगारी. ते फोन मी केले होते, अकराच्या अकरा. ३५ दिवसांनी सरकार उघडलं, आमच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सरकारी माणसाला सगळा पगार मिळाला आणि आमच्या माणसांना नाही, आणि काम दोघांचं एकच. एका मुलाने तेवढ्यात दुसरी नोकरी धरली, त्याच्याबरोबर त्या सिस्टीमची सहा वर्षांची माहिती गेली, ती परत आली नाही.

म्हणून मिस्टरांना मॅनेजरकडून नेमकं काय विचारायचं ते सांगते. "शटडाऊनमध्ये काय होणार" असं विचारलं तर "बघू" असंच उत्तर येणार. त्याऐवजी विचारा की आपली टास्क ऑर्डर, म्हणजे मोठ्या कॉन्ट्रॅक्टखाली आपल्याला दिलेलं काम, कुठल्या तारखेपर्यंत फंडेड आहे. कॉन्ट्रॅक्ट पाच वर्षांचं आहे हे उपयोगाचं नाही, त्यात आजच्या घडीला टाकलेला पैसा कुठवर पुरतो ते महत्त्वाचं. मागच्या वर्षीचा पैसा शिल्लक असेल तर सरकार बंद असतानाही काम चालू राहू शकतं, २०१३ मध्ये आमचं एक अख्खं कॉन्ट्रॅक्ट असंच व्यवस्थित चालू राहिलं. पण मग पुढचा प्रश्न, बिल्डिंग उघडी असेल का, लॉगिन चालू असेल का, ज्याच्या मंजुरीशिवाय काम पुढे सरकत नाही तो सरकारी माणूस ड्युटीवर असेल का. पैसा आहे पण दार बंद, अशा वेळी एजन्सी स्टॉप वर्क ऑर्डर काढते. आणि तुम्ही सबकॉन्ट्रॅक्टरकडे आहात, म्हणजे ती ऑर्डर आधी मुख्य कंपनीला जाणार आणि तुमच्यापर्यंत एक-दोन दिवस उशिरा येणार, त्या मधल्या दिवसांचे तास लिहायचे की नाही हे आधीच ईमेलवर विचारून ठेवा.

दुसरं म्हणजे एजन्सी कुठल्या बिलात बसते ते शोधा. बारा बिलं एकदम अडकतात असं नाही. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये जी तडजोड झाली त्यात शेती खातं, माजी सैनिकांचं खातं आणि संसदेचा स्वतःचा खर्च यांना सप्टेंबर २०२६ पर्यंत पूर्ण वर्षाचा पैसा मिळाला आणि बाकीच्यांना फक्त ३० जानेवारीपर्यंतचा. म्हणजे एका सहीने एक माणूस वर्षभर निर्धास्त झाला आणि रस्त्यापलीकडच्या बिल्डिंगमधला पुन्हा तारखा मोजत बसला.

आता व्हिसा, आणि इथे बहुतेक आपले लोक चुकीच्या ठिकाणी घाबरतात. यूएससीआयएस, म्हणजे इमिग्रेशनचे अर्ज बघणारं खातं, स्वतःच्या फीवर चालतं, ते बंद पडत नाही, सहसा थोडंफार हळू होतं. अडतं ते त्याच्या आधीच्या पायरीवर, लेबर डिपार्टमेंटमध्ये. एच-१बी बदलायचा असो की वाढवायचा, आधी एलसीए, म्हणजे पगार वगैरेची हमी देणारा कंपनीचा अर्ज, मंजूर होऊन यावी लागते, आणि ग्रीन कार्डसाठी पर्म नावाची तशीच मंजुरी. ही दोन्ही कामं लेबर डिपार्टमेंट करतं आणि त्याला काँग्रेसचाच पैसा लागतो. २०१३ मध्ये ते बंद होतं. २०२५ मध्ये १ ऑक्टोबरला बंद झालं आणि महिनाअखेरीस, शटडाऊन अजून चालू असतानाच, पुन्हा सुरू केलं. आणि २०१८-१९ च्या त्या ३५ दिवसांत मात्र एलसीए बिनबोभाट होत होत्या, कारण लेबरचं बिल आधीच सप्टेंबरमध्ये पास झालेलं. बघा, तोच "शटडाऊन" शब्द आणि आपल्यासाठी परिणाम अगदी उलटा. एक्स्टेंशन सहा महिने आधी भरता येतं, त्यामुळे मिस्टरांची तारीख त्या टप्प्यात असेल तर वकिलाला आजच सांगून एलसीए काढून ठेवा, ती हातात आली की अर्धी काळजी मिटली.

आणि एक गोष्ट जी कंपन्या आपणहून सांगत नाहीत. एच-१बी वर ठेवलेल्या माणसाला काम नाही म्हणून बिनपगारी बसवता येत नाही. क्लायंटकडे काम थांबलं तरी नोकरी चालू आहे तोवर एलसीएमध्ये लिहिलेला पगार कंपनीने द्यायचा असा नियम आहे. सूट आहे ती माणसाने स्वतःच्या कारणासाठी, स्वतःहून रजा मागितली तर. म्हणून अशा वेळी "मी स्वेच्छेने बिनपगारी रजेवर जातोय" असं लिहिलेला कागद पुढे आला तर सही करू नका, आधी तुमच्या स्वतःच्या वकिलाला दाखवा, कंपनीच्या नाही. कंपनीने नोकरीवरूनच काढलं तर मात्र वेगळं, तेव्हा जास्तीत जास्त साठ दिवसांची मुदत मिळते त्यात दुसरी कंपनी शोधावी लागते. बेकारी भत्ता एच-१बी वाल्यांना साधारणपणे मिळत नाही, तो हिशेबात धरू नका. छोट्या सबकॉन्ट्रॅक्टरकडे खरंच कॅश नसते हे मी आतून बघितलंय, त्यामुळे भांडायला जायच्या आधी बोलून बघा, दुसऱ्या प्रोजेक्टवर तास टाकता येतात का विचारा, पण बोलणं सगळं लेखी राहू द्या.

तुम्ही शेवटी विचारलंय की एवढं करून यांना मिळतं काय. मी बघितलेल्या तिन्ही वेळा ज्याने अडवलं त्याला मुख्य मागणी मिळालेली नाही. २०१३ मध्ये ओबामाकेअर, म्हणजे ओबामांचा आरोग्य विम्याचा कायदा, थांबवायचं म्हणून १६ दिवस बंद ठेवलं, ओबामाकेअर राहिलं. २०१८-१९ मध्ये ट्रम्प यांना मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिंतीसाठी ५७० कोटी डॉलर पाहिजे होते, शेवटी बिलात १३७.५ कोटी आले. २०२५ मध्ये डेमोक्रॅटांना सबसिडीवर डिसेंबरमध्ये मतदान घेण्याचं आश्वासन मिळालं, मतदान झालं आणि ते पडलं. मग करतात का, तर आपल्या मतदारांना लढलो हे दाखवायला, आणि दुसरं म्हणजे दुखणं फार थोड्यांच्या वाट्याला येतं. सोशल सिक्युरिटीची पेन्शन मिळते, मेडिकेअर म्हणजे म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा चालतो, पोस्ट येतं, बहुसंख्य लोकांना पहिले दोन आठवडे काही जाणवतच नाही. जाणवायला लागतं तेव्हा मात्र एकदम सुटतं. २५ जानेवारी २०१९ ला कंट्रोलर कमी पडले म्हणून न्यूयॉर्कच्या लागार्डिया विमानतळावर येणारी विमानं थांबवली आणि त्याच दिवशी तडजोड झाली. २०२५ मध्ये चाळीस मोठ्या विमानतळांवर उड्डाणं कमी करायचा आदेश निघाला आणि तिकडे नोव्हेंबरचं फूड स्टॅम्प, म्हणजे गरिबांना किराण्यासाठी मिळणारी सरकारी मदत, अडकलं, जवळजवळ ४ कोटी २० लाख लोकांचं, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि मग सिनेटमधले डेमोक्रॅटांच्या बाजूचे आठ जण पलीकडे गेले, रिपब्लिकनांतला एक विरोधात राहिला, आणि बरोब्बर साठ मतं झाली.

बाहेरून दिसत नाही असं नुकसान मला जास्त छळतं. २०१३ मध्ये एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या बेथेस्डाच्या हॉस्पिटलमध्ये नवे पेशंट ट्रायलमध्ये घेणं जवळपास थांबलं होतं, आठवड्याला साधारण दोनशे, त्यात तीसेक लहान मुलं, बरीचशी कॅन्सरची. २०२५ च्या ऑक्टोबरचा महागाईचा आकडा निघालाच नाही, कारण दुकानांत जाऊन भाव गोळा करणारी माणसं घरी होती आणि गेलेल्या महिन्याचे भाव नंतर कुणी जाऊन विचारू शकत नाही. सीबीओने, म्हणजे काँग्रेसच्या बजेट ऑफिसने, २०१८-१९ चा हिशेब मांडला तेव्हा अर्थव्यवस्थेचं ११०० कोटी डॉलरचं नुकसान धरलं होतं, त्यातलं बरंचसं सरकार उघडल्यावर भरून येतं पण ३०० कोटी कायमचे गेले असं त्यांचं म्हणणं, आणि ते ज्यांचे गेले त्यात माझी ती अकरा माणसं आहेत.

एक फरक मात्र डोक्यात ठेवा, डेट सीलिंग ही वेगळी गोष्ट आहे. ती नव्या खर्चाची परवानगी नसून आधीच ठरलेल्या खर्चासाठी कर्ज काढायची मर्यादा आहे. टीव्हीवर दोन्ही एकत्र करून घाबरवतात. तुमच्या पगाराचा तातडीचा संबंध शटडाऊनशी आहे, डेट सीलिंगच्या बातमीवर धावपळ करू नका.

घरचं म्हणाल तर आमच्या घरी दर सप्टेंबरला दोन महिन्यांचं भाडं आणि किराणा बाजूला ठेवलेला असतो, ते पैसे कशालाही हात लावायचे नाहीत. दोन महिने का, तर ४३ दिवस बघून झालेत, आणि उघडल्यावरही कंपनीने सरकारला पाठवलेली कामाची बिलं मंजूर होऊन कंपनीच्या खात्यात पैसे यायला दोन-तीन आठवडे जातात. बँकेला किंवा घरमालकाला हप्ता चुकायच्या आधी फोन केला तर ऐकतात, चुकल्यावर केला तर लेट फी लागून गेलेली असते. सासूबाईंचा मुंबईचा व्हिसा इंटरव्ह्यू आहे असं तुम्ही खाली लिहिलंय, तो कॅन्सल करू नका, कॉन्सुलेटचं व्हिसाचं काम फीच्या पैशावर चालतं आणि सहसा चालू राहतं. तिकीट मात्र तारीख बदलता येणारं काढा.

एजन्सीचं किंवा कंपनीचं नाव इथे उघड लिहू नका. फंडेड तारीख कळली आणि एजन्सी कुठल्या बिलात येते ते सापडलं की तेवढंच लिहा, मग पुढचं मी सांगते.